एकोणीस मार्चची न झालेली कुस्ती

चौथ्या लढतीच्या अकराव्या मिनिटाला केरबा चौगुल्यांची मान मोडली आणि पडद्यावरची लाल माती जागच्या जागी गोठली.

डॉ. रेवती चौगुले पडद्याजवळ सरकली. पडद्यावर पालथा पडलेला सत्तावीस वर्षांचा पैलवान तिचा आजोबा होता. प्रत्यक्षात तो सत्तरी ओलांडून, घरच्या खाटेवर, झोपेत गेला होता.

"माहितीत चूक असणार," ती म्हणाली. "मानेची हाडं पुन्हा तपास."

"दोनदा तपासली," डॉ. फिरोज मुजावर म्हणाला. "आणि ही एकच लढत नाही, रेवती. हजारांपैकी सहाशे बारा लढती अशाच थांबल्या आहेत."

कोल्हापूरच्या वेशीबाहेर टेकडीवर असलेल्या त्या देहगतिशास्त्र प्रयोगशाळेत रविवारी दुपारचा एक वाजला होता. पाच वाजता शहरातल्या सभागृहात निकाल जाहीर व्हायचा होता. वडाची तालीम आणि सिद्धोबा तालीम, दोन्हीकडची माणसं दुपारपासूनच येऊन बसणार होती. वडाच्या तालमीचा केरबा चौगुले श्रेष्ठ की सिद्धोबाचा सर्जेराव मगदूम, हा वाद शहरात सत्तावन्न वर्षं धुमसत होता. दोघेही कुणाला हरले नव्हते. एकोणीस मार्च एकोणीसशे चौऱ्याहत्तरला त्यांची कुस्ती ठरली, मैदान भरलं, केरबा लांग चढवून मातीत उतरला आणि सर्जेराव आलाच नाही. पंचांनी केरबाला गदा दिली. तेव्हापासून वडाच्या तालमीत सर्जेरावाचं नाव 'पळपुटा' असंच घेतलं जाई, आणि सिद्धोबावाले म्हणत की कुस्ती झाली असती तर केरबाला आस्मान दिसलं असतं. गेल्या जत्रेत याच वादातून काठ्या निघाल्या आणि एकाचा डोळा गेला. त्यानंतर दोन्ही तालमींनी लिहून दिलं होतं की प्रयोगशाळेचा निकाल काय येईल तो आम्हाला मान्य.

"ही क्ष-किरण चित्रं आली कुठून?" फिरोजने विचारलं.

"आजोबांच्या डॉक्टरांच्या मुलीनं दिली. त्यांच्या दवाखान्याच्या माळ्यावर होती."

फिरोजने मूळ फिल्म उजेडाकडे धरली. मानेच्या पाचव्या मणक्यावर केसाएवढी रेघ होती आणि मणका जागेवरून किंचित सरकलेला होता. फिल्मच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने तारीख घातली होती, अकरा मार्च चौऱ्याहत्तर.

रेवतीने ती दोनदा वाचली. कुस्तीच्या आठ दिवस आधीची तारीख. म्हणजे आजोबांना माहीत होतं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. ठरल्याप्रमाणे सर्जेराव मगदूम आले होते. निकालाआधी त्यांनी स्वतःचं प्रतिरूप बघावं आणि ते आपल्यासारखंच हलतं की नाही हे सांगावं, अशी अट होती. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस काठी टेकत आत आला. फेट्याखाली चुरगळलेले कान अजून पैलवानाचे होते. चौगुल्यांच्या घरातलं कुणी त्यांच्याशी बोलत नसे. रेवतीही गेल्या महिन्यात, त्यांच्या अंगाला संवेदक लावताना, कामापुरतंच बोलली होती.

"बसा, पैलवान," ती म्हणाली.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

फिरोजने सांगायला घेतलं. "आबा, आम्ही माणसाचं देहप्रतिरूप तयार करतो. हाडं त्याच्या क्ष-किरण चित्रांवरून, ताकद जुन्या मोजमापांवरून आणि सवयी त्याच्या कुस्त्यांच्या फिल्मवरून. कोण जिंकणार हे यंत्राला आम्ही सांगत नाही. दोघांना मातीत उतरवतो आणि लढू देतो. दर वेळी थोडा फरक ठेवतो, पाय कुठं पडला, माती किती ओली आहे, एवढाच. अशा हजार लढती झाल्या."

"सवयी म्हंजे?"

"समोरचा पटाला, म्हणजे पाय धरायला, खाली आला की तुमचा हात कुठं जातो, ते. याला आम्ही प्रतिक्षेपस्तर म्हणतो. त्याच्यावर निर्णयस्तर असतो, म्हणजे डोक्याने ठरवलेली गोष्ट. दोन्ही स्तर वेगळे ठेवावे लागतात, कारण शरीर डोक्याच्या आधी हलतं. तुमच्या बाबतीत जवळजवळ पाव सेकंद आधी."

म्हाताऱ्याने मान हलवली. "हे आमास्नी वस्ताद सांगायचे. हात इचारून जात न्हाई म्हनायचे." मग तो रेवतीकडे वळला. "पोरी, मी इचारलं ते सांग. केरबाचं काय झालं?"

कोण जिंकलं, असं त्याने विचारलंच नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

सर्जेरावांनी काठी खुर्चीला टेकवली.

"कुस्तीआधी दहा दिस," ते म्हणाले, "त्यो माज्या मळ्यावर आला हुता. एकटाच. आमी दोघं चोरून जोर करायचो, सरावाला लढायचो, दोन वर्सं. तालमीस्नी कळलं असतं तर कापलं असतं. पर जोडीचा गडी दुसरा कुटं हुता आमाला? त्या दिवशी त्यो पटाला आला आन् माजा घुटना बसला त्येच्या मानंवर. कट करून आवाज आला. लई बारका. माज्या गुडघ्याला कळला तेवढाच."

घुटना म्हणजे खाली आलेल्या गड्याच्या मानेवर गुडघा देऊन त्याला फिरवायचं. सर्जेरावाच्या निम्म्या कुस्त्या त्या एका डावावर निकाली झालेल्या होत्या.

"डाक्तरकडं मीच पाठिवला. डाक्तर म्हनला, वरीसभर माती सोडा. मी म्हनलं, केरबा, तारीख पुढं ढकल. त्यो म्हनला, मैदान भरनार, माज्या तालमीनं वर्सभर मला खाऊ घातलंय, कंच्या तोंडानं सांगू? तू फकस्त घुटना लावू नगंस, म्हनला. बाकी कसाबी लढ."

"मग?"

"मी हो म्हनलं. आन् घरी येऊन इचार केला. मैदानात उतरलो, त्यो पटाला खाली आला, तर माजा गुडघा माजं ऐकंल का? मला भरवसा वाटंना." त्यांनी डोळे मिटले. "मी गेलोच न्हाई."

घरात देवघराशेजारी ती गदा ठेवलेली होती. दर दसऱ्याला तिची पूजा होई आणि आजोबा दर वर्षी त्या वेळी परसात निघून जात. भिडस्त माणूस, असं सगळे म्हणायचे. तिला आजोबांचा राग आला. चाळीसहून अधिक वर्षं हा माणूस पळपुटा ठरत राहिला आणि त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही.

"त्यांनी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"आला हुता सांगायला. पाच वर्सांनी. मीच अडिवलं. म्हनलं, आता सांगशील तर लोक म्हनतील दोघांनी मिळून मैदानाला फशिवलं. नुरा कुस्ती म्हनतील. माजं नाव गेलंच हाय, तुजं राहू दे." ते पडद्याकडे वळले. "पर एक गोष्ट मला अजून टोचती. म्हनून आलोय मी हितं."

"कोणती?"

"मी उगंच तर भ्यालो न्हवतो न्हवं? मन घट्ट केलं असतं, तर जमलं असतं का मला? घुटना न लावता?" त्यांचा आवाज खाली गेला. "बायको गेली तवाबी सिद्धोबाचा एकच गडी आला खांद्याला. बाकीच्यांनी मनात मला सोडलंच हुतं. हे सगळं कशापायी गेलं, ते मला कळू दे."

फिरोजने रेवतीकडे पाहिलं. हे करता येण्यासारखं होतं. सर्जेरावाच्या प्रतिरूपाच्या निर्णयस्तरावर घुटन्याला बंदी घालायची आणि प्रतिक्षेपस्तराला हात लावायचा नाही. मनात शपथ घेऊन मातीत उतरलेला माणूस असाच असतो.

"लावू का?" त्याने विचारलं.

उत्तर काहीही आलं तरी या माणसाला ते सोबत घेऊन जगावं लागणार होतं. जमलं असतं असं निघालं, तर सत्तावन्न वर्षं फुकट. रेवतीने क्षणभर विचार केला, खोटं सांगावं का? आणि मग तिने स्वतःच बंदीची आज्ञा भरली.

हजार लढतींना चाळीस मिनिटं लागली. सर्जेरावांनी चहा घेतला नाही. मधूनमधून एखादी लढत पडद्यावर दिसे. दोन तरणे गडी सलामी देत, हाताला हात भिडे, खडाखडी सुरू होई. म्हातारा फक्त केरबाकडे बघत होता. एकदा म्हणाला, "चालायचा असाच. डावा पाय वाईच फेकत."

आकडे थांबले. फिरोजने ते वाचले आणि खुर्ची बाजूला सरकवून रेवतीला वाचू दिले.

"पाचशे सत्तेचाळीस," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"घुटना लावायचा नाही असं पक्कं ठरवून तुम्ही उतरलात, तरी पाचशे सत्तेचाळीस लढतींत तुमचा गुडघा वर आला. तुम्ही शपथ घेतल्यामुळे फक्त पासष्ट वेळा फरक पडला. थकवा आला की फरक आणखी कमी होतो." तिने आकड्यांवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही गेला असतात तर निम्म्याहून जास्त वेळा आजोबा त्या मातीतच गेले असते."

सर्जेरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. फिरोज खिडकीशी जाऊन उभा राहिला.

काही वेळाने म्हाताऱ्याने तोंड पुसलं. "झालं माजं. आता सभेत सांग, केरबा जिंकला म्हनून. भांडान मिटंल."

"नाही सांगणार."

"पोरी, तुज्या आज्याचं नाव जाईल."

"जाऊ दे थोडं," रेवती म्हणाली. "तुमचं सगळंच गेलंय."

सभागृहात पाचाला बसायला जागा नव्हती. दोन तालमींच्या मधे पोलिसांनी मोकळी वाट ठेवली होती. पहिल्या रांगेत रेवतीचे काका शामराव, म्हणजे केरबाचेच चिरंजीव आणि आता वडाच्या तालमीचे वस्ताद, मिशीला पीळ देत बसले होते. सर्जेराव मागच्या दाराशी, भिंतीला टेकून उभे होते.

रेवतीने पहिला आकडा सांगितला. सहाशे बारा लढतींत निर्णायक डाव सर्जेरावांचा. सिद्धोबाच्या बाजूने आरोळी उठली आणि वडाची बाजू उभी राहिली. "मग पळाला का?" कुणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या. पोलिसांनी काठ्या आडव्या धरल्या.

"तेच दाखवते," ती म्हणाली. तिने क्ष-किरण फिल्मवरची तारीख पडद्यावर आणली आणि त्या दोघांच्या चोरट्या जोराविषयी, मणक्याविषयी, मागितलेल्या आणि दिलेल्या शब्दाविषयी जसं ऐकलं तसं सांगितलं. शामरावांचा चेहरा काळवंडला. "खोटं आहे हे," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "गुडघा आवरता येत नाही असा कसला पैलवान?"

तिने पडद्यावर दुसऱ्या हजारातली एक लढत लावली. घुटना लावायचा नाही असं ठरवून उतरलेला सर्जेराव नऊ मिनिटं खरोखर जपून लढला. दोनदा मान समोर आली आणि दोनदा त्याने हात मागे घेतला. दहाव्या मिनिटाला केरबा विजेसारखा पटात शिरला. सर्जेरावाचा गुडघा वर आला.

तिथे रेवतीने चित्र थांबवलं.

सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य मातीत गेलं होतं. देहप्रतिरूप त्यांना समजलं असो वा नसो, हा पाव सेकंद त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या अंगात होता. कुणी ओरडलं नाही. उभे राहिलेले एकेक करून खाली बसले. शामराव स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

मग ते उठले, पोलिसांनी राखलेल्या मोकळ्या वाटेने मागच्या दारापर्यंत गेले आणि सर्जेरावांसमोर उभे राहिले.

"उद्या सकाळी आमच्या तालमीत या," शामराव म्हणाले. "पोरांच्या मानेवर फार जोर पडतो. जरा बघा."

"येतो की," सर्जेराव म्हणाले. "गुडघं कवाच गेल्यात माजं. आता भ्यायचं कारन न्हाई."