भज्याचं आधी आणि नंतर

ऐक ना, फक्त ऐक. मधे एक शब्द बोलू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटते आणि मी चिडते. आणि या गोष्टीत चिडायला आपली पल्लवी एकटी पुरेशी आहे.

रंगपंचमीचा दिवस. पंचवटीत शनि चौकातली रहाड उघडलेली, पोरं त्या रंगाच्या हौदात धपाधप उड्या मारतायत, आणि पल्लवी त्या गर्दीतून उलटी चाललीय. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. छातीशी ओढणीत गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू. आणि तोंडात शिव्या... दुसरीच्या पोरांना पाढे शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडात, विचार कर.

घराजवळच्या गल्लीत सापडलेल्या त्या पिल्लाच्या पाठीवर कुणीतरी चंदेरी ऑइलपेंट फासला होता. लोखंडी गेटला देतात ना, तो. पिल्लू थरथरत होतं, पाठ चाटायला बघत होतं, आणि रिक्षा एक मिळेना.

तेवढ्यात समोर एक बाइक थांबली. वर एक मुलगा, तोही पिवळाधमक. डोळे तेवढे दिसत होते — आणि डोळे, पल्लवी म्हणते, उगाचच चांगले होते.

“ओ दादा, जनावरांच्या दवाखान्यापर्यंत सोडता?”

“सोडतो. पण दादा नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“संघर्ष.”

“हे नाव आहे की माझी चेष्टा चाललीय?”

“आईबाबांनी ठेवलंय. तक्रार असेल तर नाशिकरोडला घरी या, चहा पण मिळेल.”

हसू आलं होतं गं तिला. पण दाबलं. रस्ताभर ती मागे बसून गल्लीतल्या एकेका पोराचा उद्धार करत राहिली, आणि तो नुसता “हं... हं...” करत खड्डे चुकवत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी खोबरेल तेल लावून हळूहळू रंग काढला, उरलेले केस कापले. संघर्षने पिल्लू धरलं होतं. ते त्याचा अंगठा कचकन चावलं, तरी त्याने हात सोडला नाही. पल्लवी त्या अंगठ्याकडेच बघत बसली... आणि तेवढ्यात पठ्ठ्याने दुसऱ्या हाताने मोबाइल वर केला.

“फोन खाली,” पल्लवी म्हणाली.

“एकच क्लिप—”

“त्याला विचारलंत?”

फोन खिशात गेला. पिवळ्या रंगाखालून त्याचे कान लाल झाले. माझं मत विचारशील तर, ती तिथेच पडली प्रेमात. फक्त मान्य करत नाही.

पिल्लू घरी आलं. केस कापल्यावर ते कढईतून काढल्यासारखं दिसत होतं, म्हणून नाव पडलं भज्या. घर म्हणजे रोहिणीताईचं, तिच्या मोठ्या बहिणीचं; पल्लवी तिथेच राहते. ताईची मुलगी वेदिका सात वर्षांची. तिने भज्यासाठी स्वतःची उशी दिली. पण वेदिका जवळ आली की भज्या कॉटखाली. ताई म्हणायची, लाजतोय.

मग संघर्ष यायला लागला. विचारपूस भज्याची, नजर मावशीवर. पहिल्याच दिवशी कळलं की तो ‘जीव वाचला’चा एडिटर आहे. माहितीय ना, रविवारी लागतं ते? छळलेली जनावरं सोडवतात. कॅमेरा आधी जखमेवर जातो, मग ते हळू रडणं, मग गाडी येते, मग आंघोळ, नवा पट्टा, टाळ्या. वेदिकाचं रविवारचं जेवणच त्यावर. तिने त्याला दारातच मिठी मारली.

पल्लवीला मात्र तो कार्यक्रम कधीच झेपला नव्हता. एकदा दोघं गंगेवर, गोदाघाटाच्या पायऱ्यांवर बसले होते, पाय पाण्यात, हातात एकच भेळ. आणि ही म्हणाली, “घोड्याचा सोललेला पाय बघत माझी भाची वरणभात खाते. तुला काही वाटत नाही?”

“शेवट गोड असतो की.”

“शेवटापर्यंत पोहोचेस्तोवर काय काय गिळते ती?”

“अगं, तो घोडा कसा सुटला माहितीय? आमचा आधीचा भाग बघून एका माणसाने फोन केला म्हणून. बघितलंच नाही तर फोन कोण करणार?”

“फोन मोठी माणसं करतात, संघर्ष. सात वर्षांची पोरगी कुणाला फोन करणार?”

त्याने भेळेचा पुडा तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, “रागावलीस की तू भेळ जास्त खातेस.” आणि ती हसली. तिथे हसायला नको होतं, असं ती आता म्हणते.

तर, त्याच्या साहेबांना कल्पना सुचली: चिमुकलीच्या घरात वाचलेलं पिल्लू, खास भाग. ताई तर हवेत. वेदिकाला नवा फ्रॉक, भज्याला लाल पट्टा. संघर्ष एकटाच कॅमेरा घेऊन आला, कारण पल्लवीने तेवढ्याच अटीवर हो म्हटलं होतं.

“वेदू, सांग बरं,” त्याने विचारलं, “भज्याला कुणी रंग लावला असेल?”

“मीच लावला ना.”

ताईच्या हातातला पोह्यांचा ट्रे तिथेच थांबला.

“गेटचा उरलेला होता,” वेदिका शहाण्या मुलीसारखी कॅमेऱ्यात बघून सांगत होती. “आधी त्याला रडवायला लागतं ना, काका. मग वाचवता येतं. आधी नसेल तर नंतर कसं येणार?”

ताईने ट्रे आपटला आणि हात उगारला. पल्लवीने तो वरच्या वर धरला. “तिला नाही, ताई.” आणि वळली संघर्षकडे. “अख्ख्या गल्लीला शिव्या घातल्या मी. आणि रंग आला कुठून? माझ्या घरातून. आणि अक्कल आली कुठून? तुझ्या टेबलावरून.”

“पल्लवी, मी असं कधी—”

“ते रडणं. खरं सांग. त्याच जनावराचं असतं?”

तो खूप वेळ कॅमेऱ्याचं झाकण फिरवत राहिला. “कमी पडलं तर... दुसऱ्याचं लावतो.”

“कमी पडलं तर,” ती म्हणाली. “रडणं. कमी पडलं तर. ऊठ. नीघ इथून.”

पुढे त्याचे फोन आले, हिने उचलले नाहीत. वर्गात पोरं कागदाच्या गाड्या करून ‘जीव-जीव’ खेळताना दिसली, एक कुत्रा, एक मारणारा, एक वाचवणारा, आणि मारणारा व्हायला सगळ्यात जास्त भांडणं. त्या दिवशी ती स्टाफरूममध्ये रडली. रागाने गं, प्रेमाने नाही. म्हणजे... दोन्हीने.

मग एका संध्याकाळी बेल वाजली.

“आत येऊ?”

“नाही.”

“मग दारातून सांगतो. शूटिंग पुसून टाकलं. साहेब म्हणाले तेवढं वाक्य काप, बाकी सोनं आहे. मी सगळंच पुसलं.”

“हार घालू?”

“नको. वेदूशी बोलू दे, एवढंच.”

तो फरशीवर बसला, तिच्या उंचीला आला. म्हणाला, ते रडणं कधी कधी मी दुसरीकडून आणून चिकटवतो.

“म्हणजे ते खोटं रडतात?” वेदिकाने विचारलं.

“नाही गं. आवाज मी चिकटवतो. दुखणं त्यांचं खरं असतं. भज्याचं पण खरं होतं.”

वेदिका उठली. पोळीचा तुकडा कॉटजवळ ठेवला आणि पार भिंतीला जाऊन बसली. “मी लांबच बसते,” म्हणाली, “त्याला यायचं तर येईल.” भज्या त्या दिवशी आला नाही.

जिन्यात संघर्ष थांबला. “मला तू आवडतेस. एवढी रागावलेली असतानाही. काम सोडू का? तू म्हण.”

“मी का म्हणू? हे पोरांसाठी नाही, एवढं तुझ्या कार्यक्रमात सांग. पडद्यावरची पाटी नको, पाटी कुणी वाचत नाही. तुझ्या तोंडाने सांग. मग ये.”

“नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित.”

“आणि तू?”

“मी कुठे जातेय? इथेच आहे, पंचवटीत.”

आता काल काय झालं ते ऐक. रविवार. ताईने सवयीने टीव्ही लावला. कार्यक्रमाआधी काळा पडदा, आणि त्याचा आवाज, जरा कापरा: “घरात लहान मूल असेल तर हे बंद करा. मी हे कापतो, जोडतो, त्यातलं रडणं मी वाढवतो. म्हणून मीच सांगतोय.” साहेबांना न विचारता घातलं होतं गं त्याने.

पल्लवीने टीव्ही बंद केला. घर एकदम शांत. कॉटखालून भज्याचं नाक बाहेर आलं, तेवढंच. वेदिका भिंतीशी हलली नाही.

आणि खाली बाइक थांबली.

राग गेला नव्हता तिचा, खरंच सांगते. त्या घोड्याचा, त्या सगळ्या रविवारांचा हिशोब तसाच बाकी होता. नोकरी राहिली की गेली तेही माहीत नव्हतं. तरी ती उठली, चप्पल न घालता जिना उतरली, आणि त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, “उशीर केलास.” आणि त्याचा तो चावलेला अंगठा मुठीत घट्ट धरून ठेवला.

आता बोल. तू असतीस, तर उतरली असतीस का जिना?