उजवीकडे कललेली गाडी

पटो न पटो, हे आमच्या अंगणात घडलंय. मी समोर उभी होते. फ्रान्समधल्या कांतालच्या डोंगरात, १९५५ च्या एप्रिलमधला पहिला रविवार, भर दुपार.

आमची गाडी आली होती. सित्रोएनची, लोक 'दोन घोडे' म्हणतात ती. बाबांनी चार वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं, आईसाठी. तिच्या छातीत दम राहिला नव्हता आणि दवाखाना तीस किलोमीटरवर.

खरं तर आमचा नंबर आदल्या जूनमध्येच लागला होता. पत्र आलं. आठ दिवसांत न्या, नाहीतर पुढच्याला देऊ.

आई म्हणाली, "ओगुस्त, जा ना रे."

"गवताची कापणी सोडून? पाऊस आला तर गुरांना काय तुझं पत्र घालू?"

आठ दिवस गेले. नंबरही गेला.

नोव्हेंबरात आई बैलगाडीतच गेली. दवाखाना अजून अर्धी वाट लांब होता.

मी बाबांना माफ केलं नाही. का करू?

मग नंबर पुन्हा लागला. तर त्या रविवारी बाबा गाडी उभी करून उतरले. गाडी रिकामी.

तरी उजवीकडे कललेली... आमच्याकडे चालक डावीकडे बसतो. उजवीकडची जागा आईची.

ही गाडी भलती मऊ. कोंबडी बसली तरी झुकते. पण आत कोंबडीही नव्हती.

शेजारचे गास्तोंकाका हसले, "काय ओगुस्त, बायकोला आतच विसरलास?"

आणि त्यांनी जीभ चावली.

बाबांनी चाकं तपासली. हवा ठीक. गाडी फिरवून लावली. पुन्हा उजवीकडेच...

या गाडीची सीट सहज निघते. लोक सहलीला काढून गवतावर मांडतात. बाबांनी उजवी सीट काढून अक्रोडाखाली ठेवली.

गाडी हळूच सरळ झाली...

हुश्श केलं मी. मग सीटकडे पाहिलं.

रिकामी. पण कापड खोल दबलेलं...

आणि घरघर. आईच्या श्वासाची...

बाबा सीटसमोर गुडघ्यांवर बसले, आईला म्हणाले, "लिओनी, चल. आत्ता नेतो."

सीट परत बसवली. गाडी कलली. दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन ते परत आले. मग मरेपर्यंत दर रविवारी गेले, कापणीच्या दिवसांतही.

आता बाबा नाहीत. गाडी माझ्या कोठारात आहे. अजून उजवीकडेच कललेली. दार उघडलं की घरघर ऐकू येते.

मला गाडी चालवता येते. दर रविवारी म्हणते, नेईन.

या आठवड्यात मात्र गवताची कापणी आहे.