दाराआडून ऐकणारी

श्रावस्ती गेली हे मला मानेसरहून परतताना कंपनीच्या बसमध्ये कळलं. न्यूमोनिया झाल्यामुळे ती दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलला ॲडमिट होती. तिचा भाऊ सुगत फोनवर म्हणाला, "भाऊजी, ताई गेली." मी "अच्छा" म्हणालो.

आमची पहिली भेट चुकून झाली होती. मी नोकरी सांभाळून एम.ए. करत होतो. फी भरायला कॉलेजात गेलो आणि भलत्याच खोलीत शिरलो. तिथे ती शोधनिबंध कसा लिहायचा ते शिकवत होती.

"आलाच आहात तर बसा. एक परिच्छेद लिहा."

लिहिला. तिने पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "'सगळे कामगार थकलेले असतात.' कशावरून?"

"रोज बसमध्ये बघतो."

"मग तुमच्या बसबद्दल लिहा. सगळ्यांची जबाबदारी कशाला घेता?"

वर्ग सुटला तरी मी रेंगाळलो. "तुम्ही... छान शिकवता."

"कशावरून?"

"मी अजून इथेच आहे."

ती हसली. "एकच पुरावा? कमी पडतो."

"चलो, उद्या दुसरा आणतो."

लग्न झालं तरी माझा लघुप्रबंध चालूच होता. मयूर विहारच्या घरात मी हॉलमध्ये बसून लिहिलेलं मोठ्याने वाचायचो. ती स्वयंपाकघराचं दार लावून आतून ऐकायची. चेहरा दिसला की न लिहिलेलंही समजतं, असं तिचं म्हणणं. विधानाला आधार नसला की आतून विचारायची, "कशावरून?" सगळं वाचून झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

ती गेल्यावर एका रविवारी सकाळी मी ते कागद काढले. तिच्या सवयीने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि वाचू लागलो.

"कशावरून?"

आवाज आतून आला. घरात मी एकटाच होतो. वाक्य पुन्हा पाहिलं – आकडा कुठून घेतला ते मी खरंच लिहिलं नव्हतं. लिहिलं. पुढे वाचलं.

आता दर रविवारी बसतो. ती विचारते तिथे चूक असतेच.

परवा मुद्दाम म्हटलं, "श्रावस्ती आता नाही."

मग दाराच्या अगदी जवळून, हळूच –

"कशावरून, प्रफुल्ल?"

"तू मला हवी आहेस," एवढंच म्हणालो. त्यावर तिने काही विचारलं नाही.

सुगत म्हणतो, "भाऊजी, प्रबंध जमा करून टाका आता." पण वाचून संपलं की दार उघडावं लागेल.

निष्कर्ष लिहायचा राहिला आहे.