मागची सीट

अरे कम्या, मोबाईल ठेव बाजूला, आधी ऐक. आत्ता घरी जे झालंय ना... नाही, चहा नको. बस तू.

माझी ती ठोकळ्यांची गाडी माहितीये ना तुला? लाल स्पोर्ट्स कार. जिच्यावरून तू मला 'बाळ' म्हणतोस, तीच. पण भारी चीज आहे रे! स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, गाडी ढकलली की इंजिनातले पिस्टन खालीवर होतात. सीट दोनच. त्यांच्या मागे लगेच इंजिन.

तर आज दुपारी जेवलो आणि तिच्या तुकड्यांच्या शेवटच्या पिशव्या फोडल्या. आमची धाकटी, रूपल, खरी गाडी घेऊन केळव्याला गेलेली, मावशीकडून आईला आणायला. खिडकी उघडी, बोईसरचा नेहमीचा तो केमिकल कंपन्यांचा वास. त्या मॉडेलची नंबरप्लेट कोरी येते. मला काय सुचलं कुणास ठाऊक, गंमत म्हणून तिच्यावर मार्करनं आमच्या गाडीचा नंबर लिहिला.

थोड्या वेळानं आईचा फोन.

"निघालो रे आमी. पुढं मावशीनं नारळ भरलेत, म्हणून मी मागं बसलीय. जेवलास का, का त्या ठोकळ्यांनीच पोट भरलंस?"

"जेवलो गं."

"देवाला चाफा आणलाय. दोन फुलं मीच माळली, देवाला सांगू नको." पुढून रूपलचं हसणं ऐकू आलं.

फोन ठेवला आणि बघतो तर टेबलावरच्या गाडीचे पिस्टन हलतायत. चाकं जागच्या जागी आणि पिस्टन खालीवर... खालीवर... म्हटलं पंख्याचा वारा असेल. पंखा बंद केला. खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत फक्त ते बारीक टिकटिक, टिकटिक. मग स्टिअरिंग आपोआप डावीकडे वळायला लागलं. मी घाबरून बोटानं धरून ठेवलं.

लगेच रूपलचा फोन. "दादा! स्टिअरिंग जाम झालंय रे! कोळगावच्या पुढे आहोत, समोरून ट्रक..."

मी बोट काढलं.

"सुटलं... बापरे. थांब, कडेला घेते."

नंबर पुसायला गेलो. थुंकी लावली, नखानं खरवडला, जाईचना.

"दादा..." रूपलचा आवाज एकदम बारीक. "गाडी थांबवली. पण दरवाजा उघडत नाहीये. आतून हँडलच नाहीये."

कम्या, मॉडेलचे दरवाजे मी बसवले होते. हँडलं अजून पिशवीत होती.

मागून आईचा आवाज. "ढकल ना गं जोरात... अगं, माझे पाय का दुमडतायत? रूपल... इथं जागाच नाय..."

मी पिशवी फाडली. तुकडे सगळे लादीवर सांडले. एक हँडल घरंगळत पलंगाखाली गेलं. आडवा पडून, हात घालून काढलं. बसवलं. टक्. फोनमध्येही टक् वाजलं.

"उघडला!" रूपल रडत होती.

"उतर! आधी आईला काढ!"

"काय?"

"आईला काढ मागच्या सीटवरून! लवकर!"

"दादा, बरायस ना तू?" ती नाक ओढत म्हणाली. "आपल्या गाडीला मागची सीट कुठंय? दोघांचीच तर आहे. आणि... कोणाची आई?"

आली ती घरी. मी खाली पार्किंगमध्ये पळालो. आमचीच गाडी रे, तोच लाल रंग, बंपरला तोच ओरखडा. पण पुढच्या सीटमागे सरळ पत्रा. हात फिरवून बघितला, कुठे जोडसुद्धा नाही. रूपल निवांतपणे नारळ उतरवत होती. माझ्या मोबाईलमध्ये आईचा नंबर नाही. मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "केदार, जरा झोप बाबा."

खऱ्या गाडीची चावी माझ्या खिशात आहे, ही बघ. तरी टेबलावर पिस्टन चालूच आहेत. मी इंजिनाला कान लावला. आत बांगड्या वाजतात, किण... किण... अडचणीच्या जागेत कुणी हात हलवावा तशा. आणि खोलीत कंपन्यांचा वासच नाही. नुसता चाफा.

इंजिन उघडायचं तर अख्खी गाडी सुटी करावी लागेल. एक पिन काढली. बांगड्या थांबल्या. एकदम. मी घाबरून परत दाबली, तेव्हा कुठे बऱ्याच वेळानं एकदा वाजल्या. पहिल्यापेक्षा हळू.

पिन नाही काढली तर आई तशीच दुमडून आत. आणि काढली तर...

तू असा काय बघतोयस माझ्याकडे? तू जेवलायस रे तिच्या हातचं, कम्या. बोंबलाचं कालवण मागून मागून खायचास... आठवते ना तुला ती? बोल ना. माझ्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?