धमनीदर्पणाची हिरवी खूण

"मॅडम, सगळे एकाच खानावळीचा डबा खाणार, आणि निरोगी माणूस कसा असतो तेही त्यांच्यातूनच ठरवणार? एखादा बाहेरचा घ्या की. मी आहे ना."

दारावरचे रखवालदार तांडेलमामा गेल्या वर्षी असं म्हणाले, तेव्हा डॉ. ऋजुता बेंद्रे हसली होती. "मामा, तुम्ही अठ्ठावन्नचे. आम्हाला तरुण हवेत."

पाषाणच्या त्या संशोधन वसाहतीत ऋजुतासह चाळीस तरुण शास्त्रज्ञ राहत. दोन्ही वेळा शाकाहारी डबा, दूध फक्त चहापुरतं. त्याच चाळीस मनगटांवर 'धमनीदर्पण' घडलं. सुई न टोचता, त्वचेतून प्रकाश सोडून रक्तातलं होमोसिस्टीन, म्हणजे धमन्यांच्या आजाराशी जोडलं जाणारं द्रव्य, जोखणारा पट्टा. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. उद्या तो दहा हजार घरांत जायचा होता.

ऋजुताच्या आठ महिन्यांच्या लेकीच्या, इलाच्या, पायावर महिनाभर तो पट्टा होता. सतत हिरवा. तरी इला खुळखुळा धरेनाशी झाली होती, बसवली की कलंडायची. "गुणी आहे हो, रडत नाही," शेजारणी म्हणायच्या. ऋजुता मात्र तासातासाला उठून तिचा श्वास बघायची आणि मग त्या हिरव्या दिव्याकडे बघून स्वतःची समजूत घालायची.

शेवटची चाचणी म्हणून तिने पट्टा तांडेलमामांना बांधला. दिवा लालभडक.

"झालं," मामा म्हणाले. "बायकोला काय सांगू? बांगडा बंद?"

"यंत्र बिघडलंय," तिचा सहकारी सलील मोघे म्हणाला. "नाडीच्या लहरीचा वेग बघ. यांची धमनी पस्तिशीतल्या माणसासारखी लवचिक आहे. आणि तुझी, वय एकतीस, ती पन्नाशीची. तू हिरवी, हे लाल."

ऋजुता खुर्चीतून उठली. "सलील, आपला पट्टा आकडा सांगतो का?"

"नाही. फरक सांगतो. चाळीस जणांची सरासरी म्हणजे शून्य. तिच्यापासून कोण किती लांब, एवढंच. वर की खाली, ते नाही."

"आणि त्या चाळिसांचं रक्त आपण तपासलं?"

तपासलं नव्हतं. तरुण, धडधाकट माणसं. टोचायचं कशाला, असं सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं.

"होमोसिस्टीन शरीरातच तयार होतं," ती भराभर बोलू लागली. "त्याचा निचरा व्हायला दूध-मासळीतलं बी-बारा आणि पालेभाज्यांतलं फोलेट लागतं. बी-बारा कमी पडलं की ते साचतं. साचलं की धमनीचं अस्तर खराब होत असावं. तेच कारण की नुसती खूण, यावर अजून वाद आहे. पण मामा सरासरीच्या वर नाहीत रे, खाली आहेत. पट्टा बिघडलेला नाही. तो अगदी बरोबर आहे!"

सगळ्यांचं रक्त काढलं आणि संध्याकाळपर्यंत अहवाल आले. मामा : नऊ. चाळिसांची सरासरी : एकतीस. पंधराच्या आत हवं. सलीलने कागद दोनदा वाचला आणि मामांना चक्क मिठी मारली.

ऋजुता मात्र पाळणाघराकडे धावत सुटली होती. हिरवा म्हणजे निरोगी नव्हे. हिरवा म्हणजे आमच्यासारखा. इला तिच्याच दुधावर वाढत होती. मेंदूला, नसांना लागणारं बी-बारा आईतच नव्हतं, ते लेकीला कुठून मिळणार? महिनाभर तो दिवा एवढंच सांगत होता, की लेक आईवर गेली आहे.

बालरोगतज्ज्ञांनी दोघींचं रक्त तपासलं आणि त्याच दिवशी बी-बाराची इंजेक्शनं सुरू केली. दहा हजार पट्टे खोक्यांतच राहिले. ऋजुताची धमनी सुधारेल का, ते वर्षभराने कळेल. पण बाराव्या दिवशी इलाने तांडेलमामांच्या गळ्यातली शिट्टी घट्ट पकडली आणि काही केल्या सोडेना.

"घ्या," मामा म्हणाले. "आता दारावर हीच बसेल."

नव्या पट्ट्यासोबतच्या पत्रकात पहिली ओळ ऋजुताने स्वतः लिहिली : 'हा पट्टा बांधण्याआधी, तुमच्या घरात "आमच्याकडे सगळे असेच" म्हणून ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा. हातापायांना मुंग्या येतात का, विचारा. बोलता येत नसेल, तर खुळखुळा पुढे करा, आणि धरतो का ते बघा.'