डावी कळी

महाडच्या एसटी स्थानकासमोरच्या गल्लीत धवलचं दुकान होतं. पुढच्या बाजूला झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, आत पडद्याआड इंटरनेटचे संगणक. भारनियमन सुरू झालं की पंखा थांबायचा आणि बॅटरीवर तेवढे संगणक चालत राहायचे. औद्योगिक वसाहतीकडचा वारा फिरला की गल्लीत औषधाचा उग्र वास यायचा, आणि गिऱ्हाईक आपोआप नाकाला रुमाल लावायचं.

याच दुकानातून धवल ‘आपलं खोरं’ नावाचं फोटोंचं संकेतस्थळ चालवायचा. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांचे फोटो लोक तिथं चढवायचे. मुंबई-सुरतेला गेलेली माणसं ते बघायची, आपल्या देवळाचा पार ओळखायची, कुणाचा रेडा किती थोराड झाला यावर वाद घालायची.

मग दरडींचा पाऊस होऊन गेला आणि पालख्यांच्या शेजारी चिखलाचे फोटो आले. विरारच्या एका बाईनं पालखी बघता बघता पुढचा फोटो उघडला, तर शाळेच्या ओसरीवर ओळीनं झाकून ठेवलेली माणसं. एकाचे पाय उघडे होते. ते तिच्या दिराचे होते. तिनं दुकानात फोन केला, पण बोलणं काही झालं नाही, नुसतं रडणंच ऐकू आलं.

धवलनं मग असे फोटो झाकायची सोय केली. दुःखाच्या फोटोवर खूण केली की त्याच्या जागी राखी चौकोन दिसे. ज्याला बघायचं त्यानं सेटिंग बदलावं. सेटिंगवर त्यानं लिहिलं होतं, ‘संवेदनशील आशय गाळणी : सक्षम / अक्षम.’

बिरवाडीच्या एका आजोबांनी फोन करून विचारलं, “सक्षम म्हंजे चष्मा लावून बघायचं काय?”

“निशा, तूच हे माणसांच्या भाषेत आण बाई,” धवल म्हणाला.

निशिगंधा त्याच्याकडे टायपिंगला होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीतली. तिचे वडील सयाजी त्या वाडीचे गुरव. पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या ते देवाच्या पाषाणाला चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न घालायचे. कळी पडेपर्यंत गाभाऱ्यात कुणी खोकायचंसुद्धा नाही. लहानपणी पाण्याचा तांब्या धरून ती शेजारी उभी असे. “इच्यारायचं तेवढं आपलं काम, पोरी,” ते सांगत. “पाडणार तो. आणि एकदा लावलेला कौल मोडायचा नाय.”

साधं, सोपं, अडाण्यालाही कळेल असं काय लिहावं, याचा विचार करता करता तिच्या बोटांतून तेच उतरलं. पडद्यावर तिनं दोन पांढऱ्या कळ्या काढल्या, दाबली ती खाली पडेल अशा, आणि वर लिहिलं, ‘म्हाराजा, हे दुःखाचं चित्र हाय. दाखवायचं असंल तर उजवी दे, झाकायचं असंल तर डावी दे.’

धवल हसला. “अगं, गुरवाची पोर ती गुरवाचीच पोर. पण कळतंय मात्र लख्ख.”

खरंच कळलं. फोन थांबले. एका मंडळानं तर पत्र्याच्या डब्यातून आंबोळ्या पाठवल्या.

पण हे काम निशिगंधेनं जीव ओतून केलं त्याला कारण निराळं होतं. तिची आई, रंगूबाई, दर बाजाराला खाली उतरायची आणि टोपली दाराशी ठेवून कोपऱ्यातल्या संगणकापुढं बसायची. मुंबईच्या मंडळांचे, सुरतेच्या मेळाव्यांचे गर्दीचे फोटो लेकीला एकेक करून लावायला सांगायची आणि पडद्याला नाक लावून चेहरे बघायची. त्या पावसात तिचा हैबती रात्रपाळी करून कारखान्यातून निघाला तो घरी आलाच नव्हता. आदल्या दिवशी मायलेकरांचं भांडण झालं होतं. म्हणून रंगूबाईचं ठरलेलं होतं, पोरगा रागानं सुरतेला गेला. कुठल्या तरी गर्दीत दिसेल.

निशिगंधेला तो दिसला होता. दासगावच्या अलीकडे रस्ता बुजवून बसलेल्या दरडीचा फोटो कुणीतरी चढवला होता. तांबडा चिखल, उपटलेलं आंब्याचं झाड आणि अगदी कोपऱ्यात मनगटापर्यंत वर आलेला एक हात. हातात तांब्याचं कडं. कड्याला विळ्याची खाच. ते कडं रंगूबाई दर शिमग्याला चिंच लावून घासायची, लेक नको नको म्हणत असताना. निशिगंधा धावत तिथं पोचली तोवर रस्ता मोकळा झाला होता, आणि सगळा चिखल यंत्रानं नदीत लोटला होता.

आईला सांगायला तिची जीभ उचलली नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वर्षश्राद्धाचा पाऊसही येऊन गेला. वाडीतल्या घराला रात्री कडी लागत नव्हती. जात्यावर बसली की आई म्हणायची,

*खिंडीच्या वळणाला, दिवा माझ्या गो दाराचा*
*पाय नको चुकू देऊ, माझ्या चुकार लेकराचा*

म्हणून त्या फोटोवर तिनं सगळ्यांत आधी खूण केली. कोपऱ्यातल्या संगणकावर डावी कळी पाडून ठेवली. आता आईनं कितीही शोधलं तरी राखी चौकोनापलीकडे काही दिसायचं नाही.

पुढच्या बाजारच्या सकाळी तिनं संगणक लावला, तर उजवी कळी पडलेली. कुणी गिऱ्हाइकानं दाबली असेल, असं म्हणून तिनं पुन्हा डावी पाडली. दुपारी चहा पिऊन येते तो पुन्हा उजवी.

“माउस बिघडलाय,” धवल म्हणाला, आणि त्यानं नवा माउस लावला.

मग सरोज नावाच्या शिक्षिकेचा फोन आला. “अहो, आमच्या पोलादपूरच्या पुलाचा फोटो का झाकलात? त्यात कसलं दुःख?”

निशिगंधेनं उघडून बघितलं. पूल, नदी, दोन म्हशी. आणि कठड्यावर पलीकडून टेकलेला एक हात. चिखलानं माखलेला.

तिनं दासगावचा फोटो शोधून काढला. त्यावरची खूण गेली होती, फोटो उघडाच होता. तांबडा चिखल होता, आंब्याचं झाड होतं. कोपरा रिकामा होता.

तिनं धवलला हाक मारली. धवलनं मूळ फोटो शोधला, मोठा करून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. “इथं हात होता? तुला नक्की आठवतं?”

“माझ्या भावाचा हात मला आठवणार नाही, धवलदादा?”

आजवर ती हे कुणाला बोलली नव्हती.

दोघांनी मिळून मजकूर बदलला. कळ्या काढल्या, पुन्हा ‘सक्षम / अक्षम’ आणलं. पान नव्यानं उघडलं, तर म्हाराजा तिथंच आणि कळ्या तिथंच. उजवी पडलेली.

“जुनं पान साठून राहत असेल,” धवल म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

पुलाचा फोटो दुसऱ्या दिवशी उघडा झाला, स्वच्छ. झाकला गेला तो एसटी स्थानकाचा. त्यात फलाटाच्या खांबाला हात धरून कुणीतरी उभं होतं. माणूस खांबाआड, हात तेवढा पुढं. त्यानंतर गल्लीच्या तोंडाचा. मग दुकानाच्या उद्घाटनाचा. पेढे वाटणाऱ्या धवलच्या मागं, पडद्याची कड त्या हातानं बाजूला सारली होती.

निशिगंधेनं मागं वळून खऱ्या पडद्याकडं बघितलं. पंखा बंद होता, तरी पडदा हलत होता. दुकानात औषधाचा नाही, ओल्या मातीचा वास होता.

त्या बाजारच्या दिवशी रंगूबाई नवं लुगडं नेसून आली.

“धवल, माझा फोटू काढ रं बाबा. तुझ्या त्या खोऱ्यात टाक. मला त्यो दिसंना, पर त्याला तरी मी दिसंन. माझं तोंड बघून राग उतरंल त्याचा.”

“आये, आज नको,” निशिगंधा म्हणाली.

“का गो? म्हातारी झाले म्हणून लाज वाटती?”

धवलनं निशिगंधेकडं बघितलं, मग म्हातारीच्या विंचरलेल्या केसांकडं. त्याला नाही म्हणवलं नाही. त्यानं पांढऱ्या भिंतीपुढं स्टुलावर तिला बसवलं. एकटीला. फोटो काढला आणि चढवला.

पडद्यावर राखी चौकोन आला, आणि खाली दोन्ही कळ्या पुन्हा चिकटलेल्या.

“मी खूण केली नाही,” धवल पुटपुटला.

रंगूबाई पुढं वाकली. “झाकलंस का गो मला? जिती हाय मी अजून.”

“आये, संगणक बिघडलाय. घरी चल, मी येते सोबत.”

पण म्हातारीची नजर खालच्या कळ्यांवर गेली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कळ्या ओळखता येत होत्या. “हे तर तुझ्या बाचं हाय,” ती म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

“म्हाराजा, माझ्या हैबतीचं काय ते दाखीव. उजवी दे.”

निशिगंधेनं माउस उपटून हातात घेतला. वायर लोंबत राहिली.

दुकानात कुणी खोकलं नाही.

कळी थरथरली. ओल्या दगडावरून सुटावी तशी हळू सुटली.

उजवी.

फोटो उघडला. पांढरी भिंत, स्टूल, नव्या लुगड्यातली रंगूबाई, ओठ घट्ट मिटलेले. आणि तिच्या डाव्या खांद्यावर, मागून, कुणी बसता बसता आधाराला ठेवावा तसा एक हात.

निशिगंधेनं डोळे मिटून घेतले. आता आई किंचाळेल. आता हंबरडा फोडेल. ती वाट बघत राहिली.

काहीच आलं नाही.

तिनं डोळे उघडले तेव्हा रंगूबाई पडद्याकडं शांत बघत होती. मग तिचा उजवा हात सावकाश वर गेला, आपल्या डाव्या खांद्यावर थांबला, आणि तिनं तिथं दोनदा हलकेच थोपटलं.

ती उठली. टोपली उचलली. दाराशी चपला घालताना ती म्हणाली, “आज घराला कडी लाव हां गो, रातच्याला.”

निशिगंधेनं हातातला माउस टेबलावर ठेवला.

“आणि जाता जाता चिंच घेऊ थोडी,” रंगूबाई म्हणाली. “कडं पार काळं पडलंय.”