टाकीतून आलेले ठोके

पटलं नाही तर सोडून द्या, पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

निकेश माझा मावसभाऊ. रोडपालीतल्या एका सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर. गेल्या मार्चमधली, भर दुपारची गोष्ट.

त्याच्या आधी तिथे त्याचे वडील, महादेवकाका, कामाला होते. बऱ्याच वर्षांपूर्वी टाकी साफ करायला उतरले आणि आतल्या गॅसने गेले.

तिथली पद्धत साधी होती. आत उतरलेला माणूस पान्याने पाइपावर ठोके देणार. तीन ठोके म्हणजे मला वर ओढा. दोन म्हणजे सगळं ठीक आहे, पुढच्याने खाली या. वरच्याने एक ठोका द्यायचा... ऐकलं म्हणून.

काका गेले त्या दिवशी वर कुणालाच काही ऐकू आलं नाही. निकेशची आई, भामामावशी, येईल त्याला विचारायची, "त्यांनी एक ठोका पन दिला नाय?"

मार्चमध्ये वास असह्य झाला, म्हणून सोसायटीने एन्झाइम आणलं. भिंतींना, पाइपांना चिकटलेला जुना बुळबुळीत थर ते हळूहळू विरघळवतं. निकेश रोज थोडं थोडं ओतायचा. थराचे काळे पापुद्रे सुटून वर तरंगायला लागले.

पाइप मोकळा झाला.

आणि त्या दुपारी...

टण्. टण्. टण्.

निकेशने सगळ्या मोटारी बंद केल्या.

टण्. टण्. टण्.

झाकणाला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात.

त्याला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त रडू आलं. बाबांनी ठोके दिले होते. त्या थराने ते वर येऊच दिले नव्हते.

डबा घेऊन आलेली मावशी मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"त्येच हायत," ती म्हणाली.

"आये, हात नको लावू!"

तिने पाना उचलला. एक ठोका दिला.

आवाज थांबला. मावशी ढसाढसा रडली. त्या रात्री किती तरी वर्षांनी पोटभर जेवली. निकेशला वाटलं, सुटले बाबा.

परवा त्याचा फोन आला.

"ठोके परत येतान. टाकीत नाय... घरच्या नळात."

"तीन?"

"नाय... दोन."

मावशी प्रत्येक वेळी चमच्याने एक ठोका देते म्हणे. टाकीची किल्ली तिच्या हाती लागू नये, म्हणून निकेशने ती कोन गावात माझ्याकडे आणून ठेवलीय.

आज सकाळी मावशी माझ्या दारात आली. लग्नातला शालू नेसून. किल्ली मागत होती.

मी दिली नाही.

ती अजून गेलेली नाही. आत बसलीय... माझ्या मोरीतल्या नळाशी.